दुधाचे दात आणि फ्रँकलिनबाई

मेटलर्जीच्या मुलीला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "तुमच्या वर्गात मुली किती?" आणि "भट्टीपाशी तुझं काय काम?" मित्रांनो, दोन्हींवर मी हल्ली एकच नाव सांगते : उर्सुला फ्रँकलिन!

जन्म १९२१, म्युनिक. आई ज्यू, त्यामुळे हिटलरच्या राजवटीत शिक्षण तुटलं, सक्तमजुरी नशिबी आली. आईवडील छळछावणीत. सुदैवाने कुटुंब वाचलं. १९४८ साली बर्लिनमध्ये फिजिक्सची पीएच.डी. घेतली आणि पुढच्याच वर्षी बाईंनी कॅनडा गाठला. १९६७ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या मेटलर्जी विभागात त्या रुजू झाल्या, तिथल्या पहिल्या महिला प्राध्यापक म्हणून.

पण त्याआधीची एक गोष्ट मला जास्त आवडते. तेव्हा अणुचाचण्या उघड्या हवेत व्हायच्या. त्यातून स्ट्राँशियम-९० पसरायचं. पिरियॉडिक टेबल आठवा : स्ट्राँशियम कॅल्शियमच्या बरोबर खाली. शरीराला दोघांतला फरक फारसा कळत नाही. गवतावर पडलं, गाईच्या पोटात गेलं, दुधातून पोरांच्या हाडांत आणि दातांत जाऊन बसलं. मग 'व्हॉइस ऑफ विमेन' या संघटनेतल्या बायकांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली आणि फ्रँकलिनबाईंनी त्यामागचं विज्ञान सांभाळलं. अमेरिकेतही असाच दातांचा अभ्यास चालू होता. अशा पुराव्यांनी जनमत तापलं आणि १९६३ साली हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. घरातल्या डबीतला दात असा थेट राजकारणापर्यंत पोचला!

पुढे प्राचीन चिनी ब्राँझचा अभ्यास करताना बाईंना वेगळंच काही दिसलं. कुंभार मडकं घडवतो तेव्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत निर्णय त्याचाच. पण ब्राँझची मोठाली भांडी ओतताना मॉडेल, साचा, मिश्रधातू, ओतकाम अशी कामं वाटलेली. प्रत्येकाने ठरल्याप्रमाणे आपला तुकडा करायचा. त्यातून माल उत्तम निघतो, पण माणसाला निमूट हुकूम पाळायची सवय लागते. म्हणून बाई म्हणत, तंत्रज्ञान म्हणजे नुसती यंत्रं नव्हेत. काम करायची रीत, आणि ती कोण ठरवतं तेही त्यातच आलं. १९८९ मध्ये कॅनडाच्या रेडिओवर त्यांनी हेच व्याख्यानांतून मांडलं.

स्वतः मात्र त्या निमूट बसल्या नाहीत. निवृत्तीनंतर, वयाच्या ऐंशीच्या घरात, इतर निवृत्त प्राध्यापिकांसोबत त्या आपल्याच विद्यापीठाविरुद्ध कोर्टात गेल्या. मुद्दा साधा : वर्षानुवर्षं पुरुषांपेक्षा पगार कमी, म्हणून पेन्शनही कमी. २००२ मध्ये तडजोड झाली, विद्यापीठाने भेदभाव मान्य केला. तोही कुणा परक्या बाईशी नव्हे, १९८४ साली ज्यांना 'युनिव्हर्सिटी प्रोफेसर' हा आपला सर्वोच्च मान दिला त्यांच्याशी! म्हणजे सत्कार वेगळा आणि पगारपत्रक वेगळं.

२०१६ साली बाई गेल्या. आता प्रोजेक्टचे विषय ठरायची वेळ आलीच आहे. 'मार्क किती पडतील' याच्या जोडीला त्यांचे प्रश्नही विचारून बघा : याने न्याय वाढतो का? फायदा कुणाचा, भुर्दंड कुणाला? यंत्रापेक्षा माणसाला झुकतं माप मिळतं का? व्हायव्हात हे कुणी विचारणार नाही. म्हणून आपणच विचारायचं.