पासोडी आणि काकेमोनो : लेखनाच्या आधाराचा विचार

मध्ययुगीन मराठी वाङ्मय आपण बहुधा छापील संहितेवरून अभ्यासतो. त्यामुळे मूळ लेखन कशावर, किती जागेत व कोणत्या मांडणीत झाले, हा प्रश्न मागे पडतो. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथील दासोपंतांची (1551-1615) ‘पासोडी’ हा प्रश्न टाळू देत नाही. तिचे वेगळेपण स्पष्ट व्हावे म्हणून येथे जपानी लंबपटाशी तिची तुलना केली आहे.

1. पासोडीचे स्वरूप

पासोडी म्हणजे अंगावर घेण्याचे जाडेभरडे सुती वस्त्र. अशा सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद कापडावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा वेदान्तविषय मराठी ओव्यांत लिहिला. या सिद्धान्तानुसार प्रत्येक स्थूल महाभूतात त्याचा स्वतःचा अर्धा भाग आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश भाग असतो. हा विषय मूलतः विभागणीचा व परस्परसंबंधांचा आहे. पोथीच्या अरुंद पानावर असे संबंध एकामागून एक सांगावे लागतात. रुंद कापडावर ते आकृतिरूपाने एकत्र मांडता येतात. म्हणजे येथे कापड हे केवळ साधन नाही. ते विवेचनाचा भाग झाले आहे.

2. जपानी लंबपट

जपानमध्ये कागदावर वा रेशमावर काढलेले चित्र मागून कागदाचे थर चिकटवून व भोवती कापडी किनार देऊन लंबपटात बसवितात. खाली लाकडी दांडी असते. ऋतू वा प्रसंग पाहून पट भिंतीवर टांगतात आणि एरवी गुंडाळून लाकडी पेटीत ठेवतात. काजळी व सरस यांपासून केलेल्या शाईने काढलेली प्राणिचित्रे हा त्यातील एक प्रसिद्ध प्रकार. दासोपंतांचा समकालीन हासेगावा तोहाकू (1539-1610) याची वाळल्या झाडावरील वानरांची चित्रे क्योतो येथील म्योशिन-जी मठपरिसरात आहेत. मुळात ती घडीच्या पडद्यावर होती. पुढे त्यांचे दोन लंबपट झाले. आधार बदलला, तशी चित्राची चौकट व पाहण्याची रीतही बदलली.

3. साम्य आणि भेद

दोन्ही वस्तू उलगडल्याशिवाय कळत नाहीत. मात्र लंबपट एका दृष्टिक्षेपात सामावतो आणि त्यातील कोरी जागाही अर्थ सांगते. पासोडी मात्र वाचकाला चालावयास लावते, आणि तिच्यात रिकामेपणापेक्षा मांडणीला महत्त्व आहे.

4. नावांचा विचार

‘काकेमोनो’ या शब्दाचा अर्थ ‘टांगावयाची वस्तू’. घटक पाहताच अर्थ उलगडतो, म्हणून तो यौगिक शब्द होय. ‘पासोडी’चे तसे नाही. वस्त्राचे नाव त्यावरील ग्रंथाला मिळाले. आधारवाचक शब्दाने आधेयाचा बोध होतो. ही लक्षणा आहे. ‘मी पासोडी वाचली’ या वाक्यात कोणी वस्त्र वाचत नाही, तरी अर्थाला बाध येत नाही. लोकांनी मात्र विषयाचे नाव मागे ठेवून वस्त्राचेच नाव रूढ केले, हे लक्षणीय आहे.

5. समारोप

छापील प्रतीत ओव्या टिकतात, पण ओवी कोणत्या आकृतीशेजारी होती, हे सहज हरवते. म्हणून संहितेइतकाच तिचा आधारही जपावा लागतो. आपल्या घरी वा गावी बासनात जुनी पोथी, पट किंवा लिहिलेले वस्त्र असेल, तर ते ओढून उलगडू नये, चिकटपट्टी लावू नये व प्लास्टिकमध्ये बंद करू नये. जशी मांडणी आहे तशी छायाचित्रे घ्यावीत आणि जाणकारांना दाखवावे. नुसता मजकूर उतरवून घेतला, तर अर्धाच ग्रंथ हाती लागेल.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

1. ‘पासोडी’ व ‘काकेमोनो’ या नामांच्या अर्थप्रक्रियेतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
2. पंचीकरणाच्या विवेचनाला रुंद वस्त्र का सोयीचे ठरते, ते लिहा.