राखण समुद्राची

मालातापायचा बाजार बुधवारी भरतो. फिलिपाइन्समधल्या नेग्रोस बेटाचा हा दक्षिणेकडचा किनारा. नारळीच्या सावलीत एका अंगाला गुरे, बकऱ्या, डुकरे आणि पाय बांधलेल्या कोंबड्या, दुसऱ्या अंगाला सुक्या मासळीचे ढीग. वासासकट सारे इतके ओळखीचे, की भाषा कळत नसूनही मी भाव करायला पुढे सरसावलो होतो! खरेदी आटोपली की माणसे वहाणा हातात घेऊन गुडघाभर पाण्यात शिरतात, तांदळाची पोती आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन डोक्यावरून नेऊन होडीत चढवतात. होडीला बांबूच्या उलांड्या. आपल्याकडे उलांडी एका बाजूला असते, इथे दोन्ही बाजूंना. त्या होडीने अर्ध्यापाऊण तासात आपो नावाचे बेट येते.

बेट कसले, समुद्रातून वर आलेले ज्वालामुखीचे डोके! क्षेत्रफळ पाऊण चौरस किलोमीटरही नाही. वस्ती हजाराच्या आतबाहेर. जगाच्या नकाशावर टिंबसुद्धा मिळणार नाही अशा या जागी मी २०१९ साली गेलो, त्याचे कारण थोडे घरगुती आहे. माझे आजोळ मालवणचे. आजोबा रापणकर. रापण ओढायला जो हात लावील त्याचा वाटा, हा हिशेब ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. पुढे यांत्रिक नौका आल्या, पर्ससीनची जाळी आली आणि आजोळच्या अंगणातल्या गप्पांचा विषय एकच उरला: मासळी गेली कुठे? अशा वेळी कुणीतरी सांगितले, की गेलेली मासळी परत आणलेले एक गाव आहे. तेव्हा म्हटले, एकदा पाहून तरी यावे.

आपोचे मच्छीमार मुळात संत होते असे समजू नका. १९७० च्या दशकात या सगळ्या टापूत मासेमारीचे जे चार वाईट प्रकार बोकाळले होते, ते इथेही पोहोचले होते. पाण्यात सुरुंग फोडायचा आणि तरंगून आलेली मासळी गोळा करायची. सायनाइड सोडून मासे गुंगवायचे. अगदी बारीक आसाची जाळी वापरून पिल्लांसकट सारे खरवडायचे. आणि चौथा प्रकार ‘मुरो-आमी’: माणसांनी पाण्यात उतरून दोरीला बांधलेले दगड प्रवाळावर आपटायचे आणि घाबरलेले मासे जाळ्यात हाकायचे. प्रवाळ म्हणजे माशांचे घर आणि अन्नाचे कोठारही. तेच फुटल्यावर मासे राहणार कुठे? घराजवळचा समुद्र रिकामा झाला तशी माणसे होड्या घेऊन लांब लांब जाऊ लागली.

जवळच्या दुमागेते शहरात सिलिमन विद्यापीठ आहे, १९०१ साली स्थापन झालेले. तिथले सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. अँजेल अल्काला १९७९ साली सहकाऱ्यांना घेऊन आपोवर आले. (याच अल्कालांना १९९२ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या विनोबांना १९५८ साली आणि बाबा आमटे यांना १९८५ साली मिळाला, तोच. २०२३ साली ते वारले.) त्यांचे म्हणणे साधे होते. थोडा समुद्र पूर्ण सोडून द्या, तिथे गळसुद्धा टाकू नका. तिथले मासे मोठे होतील आणि बाहेर येतील. लोकांनी ऐकून घेतले आणि आपल्या कामाला लागले. ज्याच्या घरी संध्याकाळच्या कालवणाची पंचाईत, त्याने असलेल्या समुद्राचाही तुकडा सोडायचा म्हणजे काय?

अल्कालांनी भाषणे वाढवली नाहीत. काही मच्छीमारांना त्यांनी सुमिलोन बेटावर नेले. तिथे १९७४ पासून असे एक अभयक्षेत्र राखले जात होते. पाण्यात डोकावून मासे पाहिले, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तरीही बेटावरची जुनी माणसे सांगतात, की घरोघरी वाद झाले. अखेर तीन वर्षांनी, १९८२ साली, अवघी चौदा कुटुंबे तयार झाली. किनाऱ्यालगत साडेचारशे मीटर लांब आणि पाण्यात पाचशे मीटर आत एवढा तुकडा त्यांनी सोडला. बेटाच्या मासेमारीच्या जागेचा हा जेमतेम दहावा हिस्सा. तिथे प्रवाळ चांगला होता, मासे मात्र फारसे नव्हते, त्यामुळे सोडताना जीवही फार तुटला नसावा!

मला सर्वात मोलाची वाटली ती या जागेची निवड. किनाऱ्यावर बसलेल्या एका माणसाच्या नजरेत मावेल, एवढीच ती होती. गस्तीची नौका नको, गणवेश नको. चौदा कुटुंबांनी पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्याने किनाऱ्यावर बसायचे. मी जिच्या घरी उतरलो होतो त्या आजीबाईंनी, तिकडच्या भाषेत ‘लोला’ने, ती जागा दाखवली. नवरा समुद्रावर गेला की पाळीला आपण बसत असू, असे ती हसत सांगत होती. निवडायचे टिपायचे काम बरोबर न्यायचे, आणि मान वर करून मधूनमधून पाण्याकडे पाहायचे. घरची सून दाराशी बसून वाळवणावर लक्ष ठेवते, त्यातलाच हा प्रकार.

तीन वर्षांत फरक डोळ्यांना दिसू लागला आणि १९८५ साली उरलेले बेटही चौदा घरांच्या मागे आले. मग लोक एक पाऊल पुढे गेले. बेटाभोवतीच्या पाचशे मीटर पाण्यात बाहेरच्या कुणी मासेमारी करायची नाही, आणि बेटावरच्यांनी सुरुंग, विष, मुरो-आमी आणि बारीक जाळी वापरायची नाही, असे त्यांनी ठरवले. नगरपालिकेने त्याला कायद्याचे रूप दिले. मला वाटते, सारे मर्म इथे आहे. दहावा हिस्सा सोडला तेव्हा उरलेले नऊ हिस्से त्यांचे झाले. नुसते ‘सोडा’ म्हटले असते तर कोण सोडणार होता?

शास्त्रज्ञांनी पुढे या समुद्राचे मोजमाप केले. बेटाच्या मासळीत सर्जनफिश आणि जॅक या दोन कुळांचा वाटा मोठा. १९८३ ते २००१ या अठरा वर्षांत अभयक्षेत्रातले त्यांचे वजन तिप्पट झाले. हद्दीबाहेर पहिल्या दोन-अडीचशे मीटरांत मासे अधिक आणि पुढे कमी, म्हणजे ते आतून बाहेर सांडत होते. मोठा मासा लहानापेक्षा कितीतरी पट अंडी घालतो, हेही ध्यानात घ्यायचे. माणसे समुद्रावर घालवत असलेला वेळ जवळपास निम्म्याने कमी झाला, तरी चुलीवरचे कालवण थांबले नाही. उलटे कसे घडते तेही याच काळात दिसले. सुमिलोनवर राजकारण शिरले आणि १९८४ साली राखण मोडली; दोन वर्षांत तिथली एकूण मासळी निम्म्याहून खाली आली. ज्या जागेने आपोला शहाणपण दिले, तिथली ही कथा!

आपोची पुढची गोष्ट गोडगोड नाही. पाण्याखाली मासे आणि कासवे पाहायला जगभरातून पाणबुडे आले, त्यांच्या शुल्कातून पैसा आला. १९९४ साली राष्ट्रपतींच्या घोषणेने बेट राष्ट्रीय पातळीवरचे संरक्षित क्षेत्र ठरले आणि कारभार गावाच्या समितीकडून सरकारी मंडळाकडे गेला. शुल्क आधी राजधानीत जाऊन मग उशिरा परतू लागले. मुळात जे गावाचे होते त्यासाठी गावालाच अर्ज करावा लागला. ज्यांनी पाळ्या केल्या, ते आता सभेतली काही मते उरले. लोला याविषयी फारसे बोलली नाही, पण बोलायचे टाळताना तिने पायाने वाळू सारखी केली ते माझ्या लक्षात राहिले.

त्यानंतर निसर्गाचा तडाखा. डिसेंबर २०११ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या वादळांनी नेमका अभयक्षेत्रातला प्रवाळ मोडून काढला. तीस वर्षांची राखण आणि खाली दगडांचा खच! ती जागा पर्यटकांनाही बंद झाली. मी दुसऱ्या बाजूला, परवानगी असलेल्या पाण्यात उतरलो. चार हातांवर एक भलेमोठे कासव गवत चरत होते आणि माझ्याकडे त्याचे बिलकूल लक्ष नव्हते. भाकड गाय परड्यात चरावी तसे. बंद जागेविषयी विचारले तेव्हा लोला म्हणाली, पहिल्यांदाही तिथे मासे नव्हतेच.

फिलिपाइन्समध्ये आज किनाऱ्याकिनाऱ्यावर गावांनी राखलेली अशी हजाराहून अधिक क्षेत्रे आहेत. सगळीच नीट चालतात असे नाही. कित्येक नावापुरती आहेत. आमच्या मालवणलाही सागरी अभयारण्य आहे. १९८७ साली जाहीर झालेले, २९ चौरस किलोमीटरचे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे. मासेमारीच बंद होईल या धास्तीने किनाऱ्यावर विरोध उभा राहिला आणि ते वादातच अडकून पडले. विरोध करणाऱ्यांत माझे आजोबाही होते. ते चुकले असे आपोहून परतल्यावरही मला म्हणवत नाही. त्यांना कुणी सुमिलोन दाखवले नव्हते, आणि उरलेला समुद्र तुमचा असेही कुणी म्हटले नव्हते.

यंदा नारळी पौर्णिमेला आजोळी गेलो होतो. ओसरीवर मामाला हे सारे सांगितले. त्याने सुपारी कातरता कातरता ऐकून घेतले आणि मग विचारले, ‘‘साडेचारशे मीटर म्हणजे हयसून खंयपर्यंत रे?’’

मी अंदाजाने देवळामागच्या काळ्या खडपाकडे बोट दाखवले. मामा बराच वेळ तिकडे पाहत राहिला.

‘‘आणि राखणीक कोण बसतलो?’’

‘‘दुपारची मी बसतलंय,’’ मामी आतून म्हणाली, ‘‘तुमी जेवान निजा.’’