केगमधून बाटलीत, फेसाशिवाय

आधी कायदा: महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं 1949च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा. पण खालापूरच्या फार्महाऊसवर केगात, म्हणजे दाबाखालच्या पिंपात, कोकम सोडा भरलात, तरी बाटलीत काढताना फेसाची डोकेदुखी तीच. मे महिन्यातल्या तिथल्या उकाड्यात पाण्यात गॅस टिकत नाही. नळ सोडला की नुसता फेस. म्हणून केग, नळी, बाटल्या सगळं आधी बर्फात. लगेच प्यायचं तर बाटलीच्या तळापर्यंत पोचणारी साधी नळी पुरते. आठवडाभर ठेवायचं तर काउंटर-प्रेशर फिलरच घ्या: तो आधी बाटलीत कार्बन डायऑक्साइडचा दाब भरतो, मग सोडा संथ चढतो. बूच फेसावरच ठोका, हवा राहत नाही. बाटली जाड काचेची हवी. सरबताची पातळ बाटली दाबाने फुटते. गोटी सोड्यात तर बूचच नाही, गोटीला रबरी कड्याशी दाबून धरतो तो आतला गॅसच!