दात आणि भरण यांमधला सांधा



दाढ भरून घेऊन आलेल्या माणसाला आपण विचारतो, "काय भरले? किती पैसे पडले?" ते कसे लावले आणि लावताना किती वेळ दिला, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज मला ह्याच न विचारलेल्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे. मी दंतवैद्य नव्हे. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. परंतु ह्या विषयाचे मूळ कारखान्याच्या रंगखात्यात आहे, म्हणून तो बोलण्याचे धाडस करतो.

पत्र्याला रंग देण्यापूर्वी तो फॉस्फरिक आम्लाने साफ करतात. त्यामुळे रंग धरून राहतो. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील डॉ. मायकेल ब्युओनोकोर ह्यांनी हीच युक्ती दातावर करून पाहिली. त्यांनी दाताच्या कवचाला ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल ३० सेकंद लावले, तेव्हा त्यावर कृत्रिम राळ पूर्वीपेक्षा कितीतरी घट्ट बसली. हा शोध त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केला. आज साधारण ३५ ते ३७ टक्क्यांचे आम्ल वापरतात.

ह्यात घडते काय? दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. आम्लाने त्यावर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. पातळ राळ त्यांत शिरते आणि तेथेच घट्ट होते. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरत नाही म्हणून गवंडी आधी टाचे मारतो, तसाच हा प्रकार.

कवचाच्या आतील डेंटिनची गोष्ट मात्र निराळी. त्यात खनिज सुमारे ७० टक्केच. बाकीचे कोलॅजनचे तंतू आणि पाणी. आम्लाने खनिज निघून गेले की तंतूंची नाजूक जाळी उरते आणि ती पाण्याच्या आधाराने उभी असते. हवेचा जोरदार झोत मारून ती कोरडी केली, तर जाळी चिकटून बसते व राळेला वाट राहत नाही. उलट पाणी साचू दिले, तरीही राळ नीट शिरत नाही. म्हणून धुतल्यावर जादा पाणी फक्त टिपून घ्यावे आणि ओलसर चकाकी राहू द्यावी. जाळी आणि राळ एकजीव झालेल्या थराचे वर्णन जपानचे नाकाबायाशी ह्यांनी १९८२ साली केले. डेंटिनवरील सांध्याचे बळ त्या थरात आहे.

पुढचे काम चिकटद्रव्याचे. ते नुसते फासून भागत नाही. इवल्या ब्रशाने सुमारे १५ ते २० सेकंद चोळावे लागते. चोळल्याने ते आत शिरते आणि त्यातील द्रावकही उडू लागतो. मग हळुवार हवेने उरलेला द्रावक घालवावा. तो आत राहिला तर राळ कच्ची राहते. नंतर दिव्याचा निळा प्रकाश. दिवा लांब धरला वा तिरका झाला, तर खोल कोपऱ्यात प्रकाश पोचत नाही. ह्या सर्व वेळात लाळेचा किंवा रक्ताचा स्पर्श झाला, किंवा हवेच्या पंपातून तेलाचा अंश आला, तरी सांधा दुबळा होतो. म्हणून दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावणे उत्तम. काही नव्या द्रव्यांत आम्लाची पायरी वेगळी नसते. पण चोळणे, वाळवणे आणि प्रकाश देणे चुकत नाही.

आता हिशेब करा. आम्ल १५ सेकंद, धुणे १५, चोळणे २०, हवा १०, प्रकाश २०. सारे मिळून ८० सेकंद. दीड मिनिटही नाही. पण ह्यातील निम्मा वेळ कोणी चोरला, तर त्या दिवशी कोणालाच कळत नाही. भरण तसेच पांढरे दिसते. पुढे कधीतरी कड काळी पडते, आतून कीड लागते, आणि दोष मालाला किंवा रोग्याच्या नशिबाला दिला जातो.

मला एका कारखान्यातली गोष्ट आठवते. पत्र्यावरचा रंग सुटू लागला आणि ठपका रंगाऱ्यांवर आला. आम्ही चौकशी केली, तेव्हा कळले की उत्पादन वाढविण्यासाठी पत्रा धुण्याचा वेळच कमी केला होता. हात तेच, रंग तोच. फक्त वेळ काढून घेतलेला.

पूर्वीची पारामिश्रित चांदी खोबणीच्या आकारात अडकून राही. थोडा ओलावाही ती खपवून घेई. परंतु पाऱ्याचा वापर आवरण्याचा मिनामाता करार २०१३ साली झाला, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, काही अपवाद वगळता, चांदी भरणे बंद केले. म्हणजे ह्यापुढे भार अधिकाधिक ह्या चिकट सांध्यावर, आणि म्हणून तो जोडणाऱ्या हातावर पडणार.

तेव्हा माझी विनंती एवढीच. खुर्चीवर बसल्यावर "लवकर आटपा" म्हणू नका. रबराचा पडदा लावला तर कुरकुर करू नका. आणि सार्वजनिक दवाखान्यासाठी मागणी कराल, तेव्हा नुसते नवे यंत्र मागू नका; दंतवैद्याजवळ मदतनीसाचा एक हात आणि प्रत्येक रोग्यामागे पुरेसा वेळ मागा. त्या ८० सेकंदांत कोणी घाई करू नये, ह्याची व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.