उकिरड्यातला कोळसा

उन्हाळ्यात उकिरडा उपसायला घेतला की ढीग निम्म्यावर आलेला असतो. ‘खत मुरलं’ म्हणून शेतकरी समाधान मानतो. पण त्यातला बराच माल जमिनीत मुरलेला नसतो, तो हवेत गेलेला असतो. जिवाणू शेणातला कर्ब खातात आणि श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतात. ढीग 55-60 अंशांपर्यंत तापतो तो त्यांच्याच उद्योगामुळे. खत तयार होईतो निम्म्याच्या आसपास कर्ब उडून जाऊ शकतो.

हे एकवेळ चालेल. खरी गोम मिथेनची आहे. ओल्या, दबलेल्या ढिगात हवा पोचत नाही आणि तिथले सूक्ष्मजीव मिथेन बनवतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवतो.

कॅलिफोर्नियात मोठमोठे गोठे आहेत आणि शेणाचे डोंगरही. जनावरांच्या शेणातून निघणारा मिथेन 2030 पर्यंत 2013च्या तुलनेत 40 टक्क्यांनी घटवायचा, असा कायदा तिथे 2016 साली झाला. पैसा मुख्यतः पातळ शेणावरच्या बायोगॅस संयंत्रांत गेला; घट्ट शेणाचे ढीग तसेच राहिले. मर्सेड इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी या शेणात लाकडाचा बायोचार मिसळून कंपोस्ट केलं. 2022 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा : बायोचार नसलेल्या कंपोस्टपेक्षा मिथेन 79 टक्के कमी.

बायोचार म्हणजे जवळजवळ हवाबंद भाजलेला काडीकचऱ्याचा कोळसा. त्याच्या अंगभर सूक्ष्म छिद्रं असतात. त्यामुळे ढीग सैल राहतो आणि हवा खेळती राहते. शिवाय अमोनियाही त्याला चिकटतो. नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे उडून चाललेलं नत्रच.

मात्र बायोचारनं ‘कर्ब वाचला’ असं सांगणाऱ्या आकड्यांकडे जरा डोळसपणे पाहावं. बायोचारचा स्वतःचा कर्ब सहजी कुजत नाही, म्हणून ढिगात तो शेवटपर्यंत दिसतो. शेणातला कर्ब जिवाणू खातातच. कधीकधी हवा मिळाल्यानं जास्तच झपाट्यानं. फरक पडतो तो कर्ब कोणत्या रूपात बाहेर जातो यात.

विदर्भात कापसाच्या पऱ्हाट्या बांधावर पेटवल्या की हाती राख येते. त्याच पऱ्हाट्या खड्ड्यात थराथरानं जाळून निखारे वेळीच पाण्यानं विझवले, तर कोळसा उरतो. त्याची पूड मात्र ओली करूनच शेणात मिसळावी. कोरडी उधळली तर ती आधी नाकातोंडात जाते.