नखांवरची धूपछाव

बाटलीतला रंग आणि नखावर उतरलेला रंग यांचं कधी पटलंय का? त्यातही ते ड्युओक्रोम नेलपेंट असेल तर बघायलाच नको. दुकानातल्या बल्बखाली जांभळं, रिक्षात बसल्यावर हिरवट आणि घरी पोचेपर्यंत चक्क तपकिरी! सेल्सगर्ल म्हणते, ‘मॅडम, एकच शेड आहे ही.’ आणि गंमत म्हणजे ती अगदी खरं बोलत असते.

गेले चार रविवार माझा हाच उद्योग चाललाय. साधे शिमर, दोन रंगांत खेळणारे ड्युओक्रोम, तीन-चार रंग दाखवणारे मल्टिक्रोम, इंद्रधनुष्यी होलो, शिवाय कॅट-आय आणि थर्मल. एकूण अकरा बाटल्या, दोन टॉप कोट आणि कापसाचं एक अख्खं बंडल. पार्लरमध्ये हे जमत नाही, कारण तिथे एकच लाइट असतो आणि मागे नंबर लागलेला असतो. या रंगांना मात्र वेळ द्यावा लागतो, घरभर फिरवावं लागतं. खिडकीत, बाथरूमच्या आरशासमोर, फ्रिजच्या उजेडात. (घरचे काय म्हणतात ते सोडा.)

फंडा समजून घ्यायचा असेल तर पर्समधली पाचशेची नोट काढा आणि जरा तिरकी करा. मधला सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो ना? नखावर तत्त्व तेच. यात रंगद्रव्याचा भाग थोडा, उजेडाचा जास्त. अभ्रकाचे अगदी बारीक, पारदर्शक पापुद्रे घेतात आणि त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवतात. किती जाड? केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतका. त्या थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परतणारे किरण एकमेकांत मिसळतात, काही रंग उठून येतात, काही मावळतात. थर थोडा जाड केला की रुपेरीचा सोनेरी होतो, मग लाल, निळा, हिरवा. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर किंवा साबणाच्या फुग्यावर जे दिसतं, तेच इथे बाटलीत भरलेलं असतं.

धूपछाव पैठणी आठवली ना? मलाही तीच आठवली. पण तिथे उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या, म्हणजे दोन्ही रंग खरोखरच असतात. इथे हिरव्या नखावर हिरवा रंग औषधालाही नसू शकतो.

आता माझा आवडता प्रयोग. एकच ड्युओक्रोम घेतलं. डाव्या हाताला खाली काळ्या नेलपेंटचा एक कोट, उजव्या हाताला पांढऱ्याचा. वर दोन्हीकडे तेच, दोन-दोन पातळ कोट. डावा हात एकदम मोरपीस! सरळ धरला तर निळा, वाकवला तर जांभळा, कडेला तांबूस. आणि उजवा? धुऊन फिका पडलेला दुपट्टा. ऑफिसातल्या एकीला तर दोन वेगवेगळ्या बाटल्याच वाटल्या. कारण साधं आहे. हे कण पारदर्शक, त्यामुळे निम्मा उजेड आरपार जातो. खाली पांढरं असेल तर तो परत फिरतो आणि वरच्या रंगात मिसळून सगळा खेळ घालवतो. काळं त्याला गिळून टाकतं. तेव्हा महागडी बाटली फुसकी निघाली म्हणून कोणाला देऊन टाकण्याआधी काळा बेस एकदा तरी करून बघाच. काळं फारच भडक वाटत असेल तर गडद निळा किंवा वाइन घ्या. मला वाइनवरचं तांबूस-सोनेरी जास्त आवडलं. मीटिंगमध्ये ते गुपचूप बसतं आणि कॉफीचा मग उचलला की मगच डोळा मारतं.

होलोचं प्रकरण वेगळं. त्यातल्या चकाकत्या कणांवर अतिसूक्ष्म रेघा असतात, सीडीच्या मागच्या बाजूसारख्या. थेट ऊन पडलं की नखावर इंद्रधनुष्य. ऑफिसच्या छतावरच्या पसरट, दुधाळ उजेडात मात्र नुसतं राखाडी. दिवसाचे नऊ तास अशा छताखाली काढणाऱ्यांनी होलोवर पैसे घालायचे की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी शनिवार-रविवारपुरतं ठेवलंय. कॅट-आयमध्ये लोहयुक्त कण असतात. कोट ओला असतानाच लोहचुंबक दहा-पंधरा सेकंद जवळ धरायचं, की चमकती पट्टी उमटते. मजा आहे, पण दहा बोटांना दहा वेळा हे करायचं म्हणजे पेशन्स हवा. थर्मल तापमानावर रंग बदलतं. गार पाण्याचा ग्लास धरला की गडद, चहाचा धरला की फिकं. दोन दिवस हसू येतं, तिसऱ्या दिवशी विसरायला होतं.

लावण्याच्या दोन-तीन गोष्टी. शिमरचे कण ब्रश जाईल तिकडे वळतात, म्हणून रेघा दिसतात. शेवटचा कोट मेकअपच्या स्पंजने टिपून लावा, रेघा गायब. कोट पातळच हवेत आणि मध्ये दोन-तीन मिनिटं थांबायचं. वर टॉप कोट हवाच. वरणभात हाताने कालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हळदीचा पिवळा डाग काय करतो ते सांगायला नको. काढताना घासू नका. रिमूव्हरचा बोळा नखावर दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि मग ओढा. आणि हे सगळं गॅसच्या शेगडीजवळ अजिबात नको, रिमूव्हर भसकन पेट घेतो.

दुसऱ्या रविवारी सुकण्याची वाट बघता बघता मी बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचत बसले. पाच बाटल्यांवर ‘मायका’, म्हणजे अभ्रक. भूगोलाच्या पेपरात जोड्या लावताना ‘अभ्रक – कोडरमा’ लिहून आपण एक मार्क मिळवायचो, तेच हे. झारखंडमधल्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यातल्या बहुतेक खाणी १९८०च्या वनसंवर्धन कायद्यानंतर बंद पडत गेल्या. पण सोडून दिलेल्या खाणींतून अभ्रकाचे तुकडे वेचणं चालूच राहिलं. तिथे त्याला ढिबरा म्हणतात. तो वेचायला घरातली लहान मुलंही जातात, कारण अरुंद बिळात त्यांनाच शिरता येतं. २०१६ मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या तपासात दोन महिन्यांत किमान सात मुलं अशा बेकायदा खाणींत दगावल्याचं समोर आलं. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, कंपन्या आणि संस्थांनी मिळून पॅरिसमध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ सुरू केला. अभ्रक कुठून आलं याचा माग ठेवणं आणि मुलांना त्यातून बाहेर काढणं हे त्यांचं काम.

मग अभ्रक बंदच करावं? मला तसं वाटत नाही. ढिबऱ्यावर चूल पेटणाऱ्या घरांना त्याने काय मिळणार? पण विचारायला तर हवं. तिघींवर ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ लिहिलेलं होतं. हे कारखान्यात बनवलेलं अभ्रक. माझ्या डोळ्याला त्याची चमक जास्त स्वच्छ वाटली, खाणीतल्या अभ्रकाची पिवळसर झाक त्यात नाही. एका होलोवर यातलं काहीच नव्हतं. (शाकाहारी मंडळींनी ‘सीआय ७५१७०’ हा आकडाही शोधावा. ही मोतिया चमक माशांच्या खवल्यांतून येते.) आणि फुटपाथवरून उचललेल्या दोन बाटल्यांवर घटकांची यादीच नव्हती. त्या त्याच संध्याकाळी कचऱ्यात गेल्या.

मायकावाल्या दोन कंपन्यांना मी दोन ओळींची ईमेल टाकली: तुमचं अभ्रक कुठल्या खाणीतून येतं? एकीचं उत्तर चार दिवसांत आलं. त्यात पुरवठादाराचं नाव होतं आणि तपासणी कोण करतं तेही. दुसरीकडून तीन आठवडे झाले, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’च्या पुढे काही नाही. काळ्या बेसवर सगळ्यात भारी दिसणारी मोरपंखी शेड नेमकी तिचीच आहे. सध्या ती ड्रॉवरमध्ये आहे आणि मी तिसरी ईमेल लिहितेय.