भारतीय निवडणुकांतील उपरे वलयांकित उमेदवार

ज्या मतदारसंघात आपले जन्मस्थान, निवास किंवा पूर्वीचे सार्वजनिक कार्य नाही, तेथून निवडणूक लढविणाऱ्या चित्रपट, दूरचित्रवाणी वा क्रीडा क्षेत्रातील प्रसिद्ध व्यक्तींना भारतीय राजकारणात उपरे किंवा बाहेरचे वलयांकित उमेदवार म्हटले जाते. लोकसभेसाठी अशा उमेदवारीला कायद्याची आडकाठी नाही. निवडून आल्यावर असा प्रतिनिधी मतदारसंघाला किती वेळ देतो, हा मात्र वारंवार वादाचा विषय ठरला आहे.

'उपरा' या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही. १९८४ मध्ये अलाहाबादमधून हेमवतीनंदन बहुगुणा यांचा पराभव करणारे अमिताभ बच्चन यांचा जन्म त्याच शहरात झाला होता; परंतु त्यांची कारकीर्द मुंबईत घडली होती. त्यामुळे जन्म, निवास आणि कार्य यांपैकी कोणता निकष ग्राह्य धरावा, यावर मतभेद आढळतात.

कायदेशीर तरतुदी

राज्यघटनेच्या अनुच्छेद ८४ नुसार लोकसभेच्या उमेदवाराने भारताचे नागरिक असणे आणि वयाची २५ वर्षे पूर्ण केलेली असणे आवश्यक आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ४ नुसार उमेदवाराचे नाव देशातील कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या मतदार यादीत असले तरी पुरते. लक्षद्वीप, सिक्कीम आणि आसाममधील स्वायत्त जिल्ह्यांचा राखीव मतदारसंघ यांसाठी वेगळे नियम आहेत. दुसऱ्या मतदारसंघातील मतदाराला नामनिर्देशनाच्या वेळी मतदार यादीतील आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत सादर करावी लागते.

विधानसभेसाठी नियम अधिक कडक आहे. कलम ५ नुसार उमेदवार त्याच राज्यातील मतदार असावा लागतो. राज्यसभेसाठीही पूर्वी संबंधित राज्याचा मतदार असण्याची अट होती. ती २००३ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली आणि २००६ मध्ये कुलदीप नायर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली.

इतिहास

१९९१ मध्ये नवी दिल्ली मतदारसंघात लालकृष्ण अडवाणी यांनी अभिनेते राजेश खन्ना यांचा केवळ १,५८९ मतांनी पराभव केला. अडवाणी यांनी गांधीनगरची जागा राखल्यामुळे १९९२ मध्ये येथे पोटनिवडणूक झाली. तीत राजेश खन्ना आणि शत्रुघ्न सिन्हा हे मुंबईत कारकीर्द घडविलेले दोन अभिनेते समोरासमोर आले व खन्ना विजयी झाले.

'महाभारत' या दूरदर्शन मालिकेत श्रीकृष्णाची भूमिका करणारे मराठी अभिनेते नितीश भारद्वाज १९९६ मध्ये तत्कालीन बिहारमधील जमशेदपूर येथून भारतीय जनता पक्षातर्फे निवडून आले. १९९९ मध्ये मध्य प्रदेशातील राजगढ येथून मात्र त्यांचा पराभव झाला. आंध्र प्रदेशात जन्मलेल्या जयाप्रदा २००४ व २००९ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूरमधून, तर हैदराबादचे क्रिकेटपटू मोहम्मद अझहरुद्दीन २००९ मध्ये मुरादाबादमधून विजयी झाले. २०१४ मध्ये दोघांनीही मतदारसंघ बदलला. जयाप्रदा बिजनौरमध्ये आणि अझहरुद्दीन राजस्थानातील टोंक–सवाई माधोपूरमध्ये पराभूत झाले. तमिळनाडूत जन्मलेल्या हेमा मालिनी यांनी मात्र २०१४, २०१९ व २०२४ या तिन्ही निवडणुकांत मथुरेची जागा जिंकली.

उमेदवारीमागील कारणे

प्रसिद्ध व्यक्तीचे नाव व चेहरा मतदारांना आधीच परिचित असतो, त्यामुळे अल्प मुदतीच्या प्रचारात पक्षाला लाभ होतो. स्थानिक इच्छुकांमध्ये चुरस असल्यास कोणत्याही गटाशी न जोडलेला उमेदवार सोयीचा ठरतो. प्रतिस्पर्धी प्रबळ असल्यासही हा पर्याय निवडला जातो. २०२४ मध्ये पश्चिम बंगालमधील बहरामपूर येथे तृणमूल काँग्रेसने बडोद्याचे क्रिकेटपटू युसूफ पठाण यांना उमेदवारी दिली. १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले अधीर रंजन चौधरी यांचा त्यांनी ८५ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला.

गुरदासपूरचे उदाहरण

पंजाबमधील गुरदासपूर मतदारसंघाने दोन अभिनेत्यांना लोकसभेत पाठविले. पेशावर येथे जन्मलेले व मुंबईत कारकीर्द घडविलेले विनोद खन्ना १९९८, १९९९, २००४ आणि २०१४ असे चार वेळा येथून निवडून आले. २००९ मध्ये ते पराभूत झाले. परिसरातील नद्यांवरील पुलांच्या कामांशी त्यांचे नाव जोडले जाते.

त्यांच्या निधनानंतर २०१७ ची पोटनिवडणूक काँग्रेसने जिंकली. २०१९ मध्ये सनी देओल यांनी सुनील जाखड यांचा ८२ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. त्याच वर्षी मतदारसंघातील कामे पाहण्यासाठी त्यांनी प्रतिनिधी नेमला, तेव्हा मतदारांनी खासदार निवडला आहे, प्रतिनिधी नव्हे, अशी टीका विरोधकांनी केली. पुढे पठाणकोट परिसरात ते 'बेपत्ता' असल्याची भित्तिपत्रके लावली गेली. २०२४ मध्ये त्यांनी निवडणूक लढविली नाही व ही जागा काँग्रेसने जिंकली.

टीका आणि समर्थन

खासदाराचे काम संसदेपुरते मर्यादित नसते. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेखाली त्याला दरवर्षी ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचविता येतात. केंद्रीय योजनांचा आढावा घेणाऱ्या 'दिशा' या जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्षपदही खासदाराकडे असते. खासदार मतदारसंघात येत नसल्यास त्याच्यापर्यंत तक्रार पोहोचविण्याचा नागरिकांचा मार्ग अरुंद होतो, हा टीकाकारांचा मुख्य आक्षेप आहे. वर्षानुवर्षे काम केलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांची संधी हुकते, असेही म्हटले जाते.

समर्थकांच्या मते लोकसभा सदस्य संपूर्ण देशासाठी कायदे करतो आणि कोणाला निवडावे हे ठरविण्याचा अधिकार मतदारांचा आहे. बाहेरून येऊन मतदारसंघाशी संबंध जोडता येतो, याचे उदाहरण म्हणून अमेठीचा उल्लेख होतो. दिल्लीत जन्मलेल्या अभिनेत्री स्मृती इराणी २०१४ मध्ये तेथे पराभूत झाल्या. त्यानंतरही त्यांनी मतदारसंघातील संपर्क कायम ठेवला आणि २०१९ मध्ये राहुल गांधी यांचा ५५,१२० मतांनी पराभव केला. २०२४ मध्ये त्यांना पराभूत करणारे किशोरीलाल शर्मा हेही मूळचे पंजाबमधील लुधियानाचे. परंतु अमेठीत त्यांनी अनेक दशके काँग्रेसचे संघटनात्मक काम केले होते.

पक्षांच्या भूमिकाही परिस्थितीनुसार बदलतात. २०२१ च्या विधानसभा निवडणुकीत तृणमूल काँग्रेसने भाजपच्या नेत्यांना 'बहिरागत', म्हणजे बाहेरचे, ठरविले होते. पुढच्याच वर्षी त्या पक्षाने आसनसोलच्या पोटनिवडणुकीत मूळचे पाटण्याचे शत्रुघ्न सिन्हा यांना उभे केले. तेव्हा भाजपने तोच आक्षेप घेतला. सिन्हा मात्र तीन लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार काँग्रेसचा सदस्य निवडीच्या वेळी संबंधित राज्याचा रहिवासी असावा लागतो. तो त्याच मतदारसंघातील असण्याची अट नाही. तेथे बाहेरच्या उमेदवाराला 'कार्पेटबॅगर' म्हणतात. हा शब्द यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांत गेलेल्या उत्तरेकडील लोकांसाठी रूढ झाला. २०२२ मध्ये दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध डॉक्टर मेहमेत ओझ यांनी पेनसिल्व्हेनियातून सिनेटची निवडणूक लढविली. शेजारच्या न्यू जर्सीतील त्यांचे दीर्घकालीन वास्तव्य हा प्रचाराचा मुद्दा बनला आणि जॉन फेटरमन यांनी त्यांचा पराभव केला.